खाडीच्या चिखलात कोण कुठे राहतं: फोरॅमचा नकाशा करायची पद्धत

माझ्या पहिल्या नकाशात खाडीच्या वरच्या अर्ध्या भागात चुन्याच्या कवचाचा एकही फोरॅम, म्हणजे कवच बांधणारा एकपेशी सूक्ष्म जीव, नव्हता. नकाशा देखणा होता. मुखाशी चुन्याची कवचं, आत गेलं की वाळूचे कण चिकटवून केलेली कवचं, आणि दोन्हींच्या मध्ये ठसठशीत सीमारेषा. आत खारटपणा कमी होतो म्हणून चुनेवाले संपतात, असं कारणही मी लिहून टाकलं होतं. सहा महिन्यांनी तेच नमुने पुन्हा बशीत घेतले तेव्हा तळाशी पातळ, तपकिरी, गोगलगायीसारखं वळण घेतलेले पडदे दिसले. ती अमोनिया नावाच्या (वायू नव्हे) चुनेवाल्या फोरॅमच्या कवचांची आतली सेंद्रिय अस्तरं होती. जीव होता, कवचही होतं. मी नमुने ज्या फॉर्मॅलिनमध्ये ठेवले त्यात बोरॅक्स घालून आम्ल मारायचं राहिलं होतं आणि कवचं बाटलीतच विरघळली होती. मुखाजवळच्या नमुन्यांत शिंपल्यांचा चुरा भरपूर होता, तो आम्ल पिऊन गेला; आतल्या काळ्या चिखलात तसं काही नव्हतं. मी काढलेली सीमारेषा खाडीतली नव्हती, बाटल्यांमधली होती.

तेव्हापासून प्रत्येक नमुन्याला मी तीन प्रश्न विचारते. इथे कोण जगत होतं? मेल्यावर वाहून कोण आलं? आणि कोणाचं कवच नाहीसं झालं? खाली सांगितलेली सगळी कामं या तीन उत्तरांसाठी आहेत. एखादी पायरी कंटाळवाणी वाटली तर ती यातल्या कोणत्या प्रश्नासाठी आहे ते बघा, मग ती टाळाविशी वाटणार नाही.

फोरॅमिनिफेरा, बोलताना फोरॅम, हे एका पेशीचे जीव. पेशी एकच, पण ती स्वतःभोवती कवच बांधते आणि वाढेल तशी खोलीला खोली जोडत जाते. एका खोलीतून दुसरीत जायला भोक असतं, म्हणून हे नाव. आल्सीद दोर्बिन्यीनं १८२६ मध्ये या गटाला नाव दिलं तेव्हा त्याला ही माकुळ-नळ वर्गातल्या प्राण्यांची सूक्ष्म भावंडं वाटली होती. १८३५ मध्ये फेलिक्स द्युजार्दॅंनं जिवंत फोरॅम पाहून सांगितलं की हे फार साधे जीव आहेत. खाडीतले बहुतेक फोरॅम एक दशांश ते अर्धा मिलिमीटर एवढे. चिमूटभर चिखलात ते शेकड्यांनी असू शकतात, आणि साध्या डोळ्यांना ती वाळूच वाटते.

जागा कशी निवडायची

दोन दिशांनी विचार करा. पहिली दिशा मुखापासून वर, नदीच्या गोड्या पाण्यापर्यंत. दुसरी दिशा आडवी: प्रवाहाच्या खोल भागापासून काठावरच्या चिखलावरून, खाजणातून, उधाणाचं पाणी जिथे शेवटी पोचतं तिथपर्यंत. नवखी माणसं पहिली रेघ आखतात आणि दुसरी विसरतात. प्रत्यक्षात आडव्या रेघेवरच्या पन्नास मीटरांत जेवढा बदल दिसतो तेवढा कधीकधी लांबीच्या पाच किलोमीटरांत दिसत नाही. कारण काठावर चढत जाल तसा चिखल हवेत उघडा राहण्याचा वेळ वाढतो. खालचा भाग दिवसातून दोनदा बुडतो, वरचा फक्त उधाणाला. डेव्हिड स्कॉट आणि फ्रँको मेडिओली यांनी १९७८ मध्ये दाखवलं की खाजणातल्या फोरॅमचे पट्टे उंचीनुसार इतके नेमके असतात की जुन्या गाळातले तेच पट्टे वाचून समुद्राची पूर्वीची पातळी काढता येते.

म्हणून प्रत्येक ठिकाणाची उंची मोजा. अंदाजानं ‘वरचा काठ’, ‘खालचा काठ’ असं लिहू नका. लेव्हल आणि स्टाफ लावून जवळच्या बेंचमार्कपासून, म्हणजे उंची माहीत असलेल्या खुणेपासून, उंची घ्या आणि ती भरती-ओहोटीच्या पातळ्यांशी जोडा. सपाट खाजणात दहा सेंटिमीटरचा फरक म्हणजे वेगळी वस्ती असू शकते.

ठिकाणं सारख्या अंतरावर नसली तरी चालेल. जिथे खारटपणा झपाट्यानं बदलतो तिथे ती दाट घ्या. याचा अंदाज येण्यासाठी नमुने घेण्याआधी एक दिवस फक्त पाणी मोजायला काढा: होडीतून मुखापासून वर जा, दर काही अंतरावर पृष्ठभागाचा आणि तळाजवळचा खारटपणा घ्या, एकदा भरतीला, एकदा ओहोटीला. खाऱ्या पाण्याचे पट्टे ठरवायला १९५८ मध्ये व्हेनिसमध्ये ठरलेली वाटणी अजून वापरतात. दर हजार भागांत मिठाचे ०.५ पर्यंत गोडं, मग ५, १८ आणि ३० या सीमा. त्यावर तुमची ठिकाणं टाकून बघा. एखादा पट्टा रिकामा राहिला असेल तर तिथे एक ठिकाण वाढवा.

चिखलाजवळ

ओहोटी लागून तास-दीड तास झाला की उतरा, म्हणजे पाणी परत फिरायच्या आत हाताशी पुरेसा वेळ राहतो. एकट्यानं जाऊ नका. मऊ चिखलात पाय रुतला तर घाईनं ओढू नका, आडवं होऊन वजन पसरा. परत फिरायची वेळ आधी ठरवा आणि काम अर्धं राहिलं तरी ती पाळा.

पहिलं काम बघण्याचं. वाकून पृष्ठभाग नीट बघा. वर सोनेरी-तपकिरी साय दिसते का? ते डायटम, म्हणजे एकपेशी शैवाल, आहेत, अनेक फोरॅमचं अन्न. खेकड्यांची बिळं, काळपट डाग, वाळूच्या लाटा, पानांचा कचरा, सगळं वहीत उतरवा. प्रयोगशाळेत बसल्यावर याच नोंदींतून कारणं सापडतात.

मग चिखलातल्या पाण्याचा खारटपणा. वरून वाहणाऱ्या पाण्याचा नव्हे, कणांच्या मध्ये अडकलेल्या पाण्याचा, कारण जीव तिथे राहतो. मी एक साधी युक्ती वापरते. जाड सिरिंजच्या तळाशी गाळणकागदाची चकती बसवायची, वरून दोन चमचे चिखल भरायचा आणि दट्ट्या सावकाश दाबायचा. टोकाला आधी काहीच येत नाही. अंगठा दुखायला लागला की एक स्वच्छ थेंब जमतो, मग दुसरा. तेवढे रिफ्रॅक्टोमीटरच्या, म्हणजे खारटपणा मोजायच्या उपकरणाच्या, काचेवर पुरतात. एकदा वर वाहणारं पाणी जवळजवळ गोडं होतं आणि चार बोटं खालचा हा थेंब १९ दाखवत होता. त्या आठवड्यात नदीला पूर होता. पूर वरून निघून जातो, चिखल मात्र मागच्या महिन्याचा खारटपणा धरून बसतो. नुसतं वरचं पाणी मोजलं असतं तर तिथल्या खारट वस्तीचं कोडं मला कधी सुटलं नसतं. याच वेळी चिखलाचा पीएचही घ्या. आकडा सातच्या खाली, म्हणजे चिखल आम्लधर्मी, असेल तर तिसरा प्रश्न वहीत ठळक लिहा.

नमुना वरच्या एक सेंटिमीटरचाच घ्या, आणि मोजलेल्या क्षेत्रफळाचा. आतून आठ सेंटिमीटर व्यासाचं कडं चिखलात दाबलं की पन्नास चौरस सेंटिमीटर मिळतात. एक सेंटिमीटर खोलीचा थर म्हणजे पन्नास घन सेंटिमीटर. पातळ पट्टी खालून सरकवून थर उचला. चमच्यानं अंदाजे खरवडलेल्या नमुन्यात ‘किती’ या प्रश्नाला उत्तर उरत नाही.

प्रत्येक ठिकाणी असे तीन नमुने घ्या, एकमेकांपासून हातभर अंतरावर, आणि ते एकत्र करू नका. फोरॅम चिखलात सारखे पसरलेले नसतात, पुंजक्यांनी असतात. एका कड्यात चाळीस आणि शेजारच्यात चारशे, हे मी पाहिलं आहे. तिन्ही नमुन्यांत आपसात एवढा फरक असेल तर दोन ठिकाणांमधल्या फरकाबद्दल बोलताना जपून बोलावं लागतं. २०११ मध्ये या विषयातले अभ्यासक स्वित्झर्लंडमधल्या फ्रीबुर्गला जमले आणि पुढच्या वर्षी फोबिमो नावानं एक सामाईक पद्धत प्रसिद्ध झाली. वरचा एक सेंटिमीटर आणि तीन वेगळे नमुने हे त्यातलेच नियम. सगळ्यांनी तेच केलं की एकाचे आकडे दुसऱ्याच्या आकड्यांशेजारी ठेवता येतात.

जिवंत कोण होतं

रिकामं कवच आणि जिवंत जीव बाहेरून सारखेच दिसतात. फरक कळायला रंग लागतो. विल्यम वॉल्टननं १९५२ मध्ये रोझ बेंगाल हा गुलाबी रंग यासाठी वापरात आणला. तो पेशीतल्या प्रथिनांना धरतो, रिकाम्या कवचाला नाही. एक लिटर इथेनॉलमध्ये दोन ग्रॅम रोझ बेंगाल विरघळवा आणि नमुना किनाऱ्यावरच त्यात घाला. निदान चिखलाएवढं तरी द्रावण असू द्या. चिखलातलं पाणी इथेनॉल पातळ करतं, म्हणून ते मुळात तीव्र असू द्या. बाटली हलक्या हातानं उलटसुलट करा, तळाला गोळा राहता कामा नये. मग निदान चौदा दिवस थांबा. घाई केली की चिखलानं तोंड बुजलेल्या कवचांत रंग पोचत नाही आणि जिवंत जीव मेलेल्यांत मोजले जातात. फॉर्मॅलिन मी आता वापरत नाही. ते माणसाला घातक आहे, आणि कवचांचं काय होतं ते वर सांगितलंच.

रोझ बेंगालची एक मर्यादा ध्यानात ठेवा: जीव मेल्यावरही पेशी लगेच नाहीशी होत नाही. ऑक्सिजन नसलेल्या काळ्या चिखलात ती कित्येक आठवडे टिकते आणि रंग घेते. त्यामुळे ‘रंगलेला’ म्हणजे ‘नुकताच जिवंत असलेला’ एवढंच म्हणा. त्या क्षणी जिवंत कोण होतं हेच हवं असेल तर सेलट्रॅकर ग्रीनसारखा चमकणारा रंग लागतो, तो फक्त काम करणाऱ्या पेशीत उजळतो. पण त्याला ताजा नमुना आणि फ्लुओरोसंट सूक्ष्मदर्शक हवा.

निदान एकदा तरी रंग न घालता ताजा चिखल घरी आणा. वरच्या सायीचा थोडा भाग त्याच खाडीच्या पाण्यात बशीत पसरा, हलवू नका, रात्रभर ठेवा. सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली गाळाच्या पातळ थरावर बारीक वाटा उमटलेल्या दिसतील, आणि प्रत्येक वाटेच्या टोकाला एक फोरॅम. तोंडाशी त्यानं हिरवट-तपकिरी गोळा जमवलेला असतो, ते त्याचं जेवण. हेनेसिना जर्मानिका असेल तर कवचातूनच हिरवट झाक दिसते: ती डायटम खाते आणि त्यांची हरितलवकं आत जपून ठेवते. हे एकदा पाहिलं की नंतर बशीत रंगलेलं कवच मोजताना तो नुसता आकडा राहत नाही.

धुणं आणि मोजणं

चाळणी ६३ मायक्रॉनची (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) हवी. वर ५०० मायक्रॉनची ठेवली तर मुळं आणि पानं अडकतात. ती फेकण्याआधी धुऊन तपासा, पानाच्या मागच्या बाजूला फोरॅम चिकटलेले असतात. फोबिमो १२५ मायक्रॉनवर भर देतं, पण खाडीतले कित्येक प्रौढ फोरॅम त्याहून लहान असतात. म्हणून दोन्ही चाळण्या लावा आणि दोन्हींचे आकडे वेगळे ठेवा. चाळणी पाण्यात अर्धी बुडवून गोल हलवा, नळाची धार थेट मारू नका, बोटानं रगडू नका. कण चिकटवून केलेली कवचं ओली असताना फार नाजूक असतात. दोन नमुन्यांच्या मध्ये चाळणी मेथिलीन ब्लूमध्ये बुडवा. आधीच्या नमुन्यातलं काही जाळीत राहिलं असेल तर ते निळं होतं आणि पुढच्या बशीत लगेच ओळखू येतं.

खाजणातला नमुना कधीही वाळवू नका. तंतू आणि कुजका पाला वाळला की त्याची चटई होते, फोरॅम तिच्यात अडकतात, आणि वाळताना कितीतरी नाजूक कवचं पिचकतात. तो ओलाच मोजा, पाण्याच्या बशीत. वाळूचा नमुना असेल तर वाळवता येतो. जड द्रवात कवचं तरंगवून वेगळी करायची पद्धतही आहे, पण खाडीच्या कामाला मला ती पटत नाही: गाळानं भरलेली आणि वाळूच्या कणांची कवचं बुडतात, आणि नेमकी तीच आपल्याला मोजायची असतात.

नमुना फार असेल तर विभाजक वापरा. आठ कप्प्यांची नळी, तिच्यात पाण्यासकट सगळं ओतायचं, घुसळायचं आणि सावकाश बसू द्यायचं. आठ सारखे भाग मिळतात. एक भाग घेतला तर तो पूर्ण मोजा. एका नमुन्यातली ३०० कवचं मोजायची असा नेहमीचा संकेत आहे, पण ३०० झाले म्हणून मधेच थांबलात तर बशीत राहिलेला भाग मोजलेल्या भागासारखाच असेल याची खात्री नसते.

हे ३०० कुठून आलं? साधा हिशेब आहे. शंभरात एक असणारी जात १०० कवचं मोजल्यावर हाती न लागण्याची शक्यता सुमारे ३७ टक्के. ३०० मोजली की ती सुमारे ५ टक्क्यांवर येते. खाडीच्या वरच्या टोकाला दोन-तीनच जाती असतील तर कमी मोजूनही चित्र बदलत नाही. मुखाशी मात्र ३०० कमीच पडतात.

रंगलेला कोणता, हे ठरवताना कडक राहा. खऱ्या रंगलेल्या कवचात शेवटची खोली सोडून बहुतेक खोल्या आतून गडद गुलाबी दिसतात. नुसतं तोंडाशी गुलाबी, किंवा बाहेरून पुसट गुलाबी, ते बॅक्टेरिया किंवा शेवाळ असू शकतं. मिलिअमिना आणि ट्रोकामिना या कण चिकटवणाऱ्या फोरॅमची भिंत तपकिरी, त्यात रंग झाकला जातो. कवच ओलं ठेवा, खालून प्रकाश द्या, आणि तरीही शंका असेल तर सुईनं एक खोली फोडून आत बघा. मी प्रत्येक ठिकाणच्या पहिल्या दहा शंकास्पद कवचांना फोडते आणि मग डोळा बसतो.

वहीत चार रकाने करा: रंगलेले, रिकामे, झिजलेले किंवा फुटके, आणि अस्तरं. शेवटचे दोन रकाने बहुतेक जण करत नाहीत. अस्तरं सापडली की तिथे चुन्याचं कवच होतं आणि ते विरघळलं, हे पक्कं. झिजलेली, सगळी एकाच मापाची कवचं दिसली की ती प्रवाहानं निवडून आणलेली. उघड्या समुद्रात तरंगणाऱ्या फोरॅमची, ग्लोबिजेरिनासारख्या फुगीर गोळ्यांची, बारकी कवचं भरतीबरोबर खाडीत खूप आतपर्यंत येतात. ती दिसली की इतर बारीक रिकामी कवचंही बाहेरची असू शकतात. उलट दिशेनं नदी डिफ्लुजिया आणि सेन्ट्रोपिक्सिस हे गोड्या पाण्यातले कवचधारी अमिबा खाली आणते. त्यांनाही मोजा, वेगळ्या पानावर.

साधारण काय दिसतं

जगातल्या कितीतरी खाड्यांत एक ढोबळ क्रम पुन्हा पुन्हा आढळतो. मुखाशी जाती सर्वांत जास्त. क्विंक्वेलोक्युलिनासारखी चिनीमातीच्या पांढऱ्या झळाळीची कवचंही तिथेच, कारण त्यांना समुद्राचा पूर्ण खारटपणा लागतो. मधल्या चिखलात अमोनिया, एल्फिडियम, हेनेसिना. जाती मोजक्या, संख्या प्रचंड. वर, जिथे पाणी मचूळ होतं, तिथे मिलिअमिना फुस्का, अमोटियम, अमोबॅक्युलाइटिस. हे चुना काढत नाहीत, सापडतील ते कण सेंद्रिय डिंकानं चिकटवतात. आणि खाजणात ट्रोकामिना इन्फ्लाटा. थंड-समशीतोष्ण किनाऱ्यांवर त्याच्याही वर एन्ट्झिया मॅक्रेसेन्स, पूर्वी जिला जडामिना म्हणत.

हा क्रम पाठ करा, पण तुमच्या खाडीवर लादू नका. अमोनिया टेपिडा म्हणून जी मोजतो तिच्यात जनुकं पाहिली तर अनेक वेगळ्या जाती निघतात. कवचावरून त्या सहज वेगळ्या करता येत नाहीत. आणि खारटपणा, उंची, गाळाचा बारीकपणा, सेंद्रिय पदार्थ ही सगळी एकाच दिशेनं बदलत जातात. आलेख खारटपणाशी छान जुळला म्हणून कारण खारटपणाच आहे असं होत नाही. सारखा खारटपणा पण वेगळा गाळ, सारखा गाळ पण वेगळी उंची, अशा जोड्या तुमच्या ठिकाणांत शोधा. त्या नसतील तर पुढच्या फेरीत मुद्दाम घ्या.

आकडे मांडताना टक्के आणि दर पन्नास घन सेंटिमीटरची संख्या, दोन्ही शेजारी ठेवा. अमोनिया अर्धी मेली तर मिलिअमिनाचे टक्के आपोआप वाढतात, मिलिअमिना एकही वाढलेली नसताना. रंगलेल्यांचा आणि रिकाम्यांचा नकाशा वेगळा काढा आणि एकावर एक ठेवा. रंगलेले आहेत पण रिकामी कवचं नाहीत, तिथे कवचं विरघळतात किंवा वाहून जातात. रिकामी भरपूर, रंगलेलं एकही नाही, तिथे ती बाहेरून आली किंवा हंगाम बदलला. म्हणून निदान दोन फेऱ्या हव्यात, एक नदी भरून वाहत असताना आणि एक ती रोडावल्यावर. रंगलेल्यांचा नकाशा या दोन फेऱ्यांत खूप हलतो. रिकाम्यांचा फारसा हलत नाही, कारण त्यात कित्येक वर्षांची कवचं साठलेली असतात.

मोजून उरलेला प्रत्येक नमुना इथेनॉलमध्ये ठेवा. चिठ्ठी पेन्सिलनं लिहा आणि बाटलीच्या आत टाका; शाई इथेनॉलमध्ये उतरते आणि बाहेरचं लेबल सुटून पडतं. चिठ्ठीवर ठिकाण, उंची, तारीख, खोली आणि कशात ठेवलं तेही लिहा. माझ्या त्या पहिल्या बाटल्यांवर ‘फॉर्मॅलिन’ एवढंच होतं, ‘बोरॅक्स’ नव्हतं, आणि कवचं कुठे गेली ते मला त्या चिठ्ठीवरूनच कळलं.